मी गेले सहा महिने हेच वापरते



आजचा लेख लिहायला मला चार महिने लागले. लोणच्याची कृती लिहायची असली की मी अर्ध्या तासात मोकळी होते. पण स्वतःची चूक लिहायला बसले की काही ना काही काम आठवायचं. कधी दूध उतू जायचं, कधी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या. शेवटी ठरवलं की आता लिहायचंच, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणी सध्या त्याच वाटेवर आहेत. परवा मंदिरात दोघींनी मला विचारलं, "अगं, ते व्हिडिओचं काम कसं मिळतं गं?" त्यांना तिथल्या तिथे दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही. ते इथे देते.

सुरुवात गेल्या जानेवारीत झाली. माझ्या जावेची मुलगी पुण्याहून आली होती. जेवण झाल्यावर म्हणाली, "काकू, तुम्ही यूजीसी का करत नाही?"

आमच्या घरात यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग. आमचे हे कॉलेजात प्राध्यापक होते. यूजीसीची वेतनश्रेणी, यूजीसीचं पत्र, यूजीसीची समिती हे शब्द मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे. मी म्हटलं, "अगं, या वयात मला कोण नेट-सेटला बसू देणार?" ती पोट धरून हसली आणि मग तिने मला समजावून सांगितलं.

यूजीसी म्हणजे यूजर जनरेटेड कंटेंट. वस्तू वापरणाऱ्या माणसाने स्वतःहून केलेला फोटो, व्हिडिओ किंवा लिहिलेला अभिप्राय. मुळात कल्पना साधी आणि छान आहे. तुम्ही मिक्सर घेतला, आवडला, तुम्ही मैत्रिणींना दाखवला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे दिले नव्हते. कंपन्यांच्या लक्षात आलं की लोक चकचकीत जाहिरातीपेक्षा अशा साध्या व्हिडिओवर जास्त विश्वास ठेवतात. मग त्यांनी हे व्हिडिओ पैसे देऊन करून घ्यायला सुरुवात केली. जे आपणहून व्हायला हवं ते ऑर्डर देऊन होऊ लागलं, आणि नाव मात्र तेच राहिलं.

इन्फ्लुएन्सर आणि यूजीसी करणारी बाई यांत एक फरक आहे, तो आधी समजून घ्या. इन्फ्लुएन्सरकडे हजारो-लाखो फॉलोअर असतात, कंपनी त्यांच्यासाठी पैसे मोजते. यूजीसीसाठी तुमच्याकडे एकही फॉलोअर नसला तरी चालतं. तुम्ही फक्त व्हिडिओ करून द्यायचा. कंपनी तो स्वतःच्या पानावर टाकते किंवा जाहिरात म्हणून लोकांच्या मोबाईलवर सोडते. तुम्ही प्रसिद्ध नाही, हीच तुमची किंमत. तुमची साडी, तुमची फरशी, तुमच्या ओट्यावरचा तेलाचा डाग, हेच त्यांना हवं असतं.

मला मिळालेलं काम एका पनीर ग्रेव्हीच्या प्रीमिक्सचं होतं. पाकिटावर ठळक अक्षरांत "जैन" लिहिलेलं. दोन हजार रुपये आणि पाकिटांचा एक खोका. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. त्या नावाला नावं ठेवून मला मोकळं व्हायचं नाही.

सोबत एक पानभर सूचना आल्या. त्याला ब्रीफ म्हणतात. पहिल्या तीन सेकंदांत बघणाऱ्याने थांबायला हवं, त्यासाठीच्या वाक्याला हुक म्हणतात. स्वयंपाकघर फार आवरू नका. मेकअप नको. वाचून दाखवल्यासारखं बोलू नका, मध्ये एखादं वाक्य अडखळलं तर राहू द्या. "जाहिरात", "कंपनी", "मला पाठवलं" हे शब्द नकोत. आणि शेवटी एक वाक्य जसंच्या तसं म्हणायचं होतं: मी गेले सहा महिने हेच वापरते.

ते पाकीट माझ्या घरात येऊन दोन दिवस झाले होते.

मैत्रिणींनो, मी ते वाक्य म्हटलं. एकदा नाही, चार वेळा, कारण पहिल्या तीन वेळा बाहेर भंगारवाला ओरडत होता. दर वेळी आधीपेक्षा जास्त सहज आलं. जावेची मुलगी म्हणाली, "काकू, एकदम नॅचरल!" मला बरं वाटलं. पन्नाशी ओलांडल्यावर कुणी आपल्या कामाचं कौतुक केलं की किती बरं वाटतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. ते दोन हजार माझ्या खात्यात आले त्या दिवशी मी बँकेचा मेसेज दोनदा वाचला.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. ती सूचनांमध्ये नव्हती. बोलण्याच्या ओघात मी स्वतःच्या मनाने एक वाक्य जोडलं: "आमच्याकडे कंदमूळ अजिबात चालत नाही, म्हणून मला हे फार सोयीचं पडतं." पाकिटावर "जैन" लिहिलं होतं ना, मग मला शंका यायचं कारणच नव्हतं. पाकीट उलटून मी वाचलं नाही.

ऑगस्टमध्ये आमच्या ओळखीच्या एक मावशी मंदिरातून निघताना थांबल्या. त्यांचं वय आता पंचाहत्तरच्या पुढे. माझ्या लग्नात त्यांनी माझी ओटी भरली होती. माझा हात धरून बाजूला नेलं आणि म्हणाल्या, "तुझा व्हिडिओ बघून मी सहा पाकिटं मागवली होती गं. नातवाला पाठवली पुण्याला."

त्यांचा नातू इंजिनिअरिंगला आहे. मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो आणि स्वतः करून खातो. दोन वर्षांपूर्वी चातुर्मासात त्याने महाराजांसमोर कंदमूळ त्यागाचा नियम घेतला होता. या वयात, मित्रांच्या संगतीत, पुण्यासारख्या शहरात नियम पाळणं सोपं नाही, हे आपण सगळ्या आया जाणतो. चार पाकिटं संपल्यावर पाचव्या वेळी त्याने सहज मागची बाजू वाचली. बारीक इंग्रजीत घटकांची यादी होती, आणि तिच्यात बटाट्याचा स्टार्च होता.

तो आजीवर रागावला नाही. त्याने फोन करून सांगितलं आणि प्रायश्चित्त म्हणून काही दिवस रस सोडले. मावशीही माझ्यावर रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "मला ते बारीक वाचता येत नाही. तू सांगितलंस म्हणून मी वाचून घेतलं नाही कुणाकडून."

त्या दिवशी घरी येऊन मी उरलेलं पाकीट उलटून पाहिलं. चष्मा लावून, खिडकीपाशी उभं राहून. होता तिथे. जानेवारीतही तिथेच असणार.

हिरव्या ठिपक्याबद्दल इथे सांगून टाकते, कारण घोटाळा तिथूनच सुरू होतो. पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. कांदा, लसूण, बटाटा, गाजर हे सगळं त्या ठिपक्यात बसतं. आणि "जैन" हा शब्द कंपनी तिला कळेल त्या अर्थाने वापरते. बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ फक्त "कांदा-लसूण नाही" एवढाच घेतला जातो. हॉटेलात "जैन भाजी" मागितल्यावर बटाटा घातलेली भाजी येते, तसंच हे.

मी कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी अगदी नम्र होती. म्हणाली, "मॅडम, आम्ही पाकिटावर फक्त जैन म्हटलंय आणि घटक मागे छापलेत. कंदमुळाचं वाक्य तुमचं आहे." मी म्हटलं, व्हिडिओ काढून टाका. ती म्हणाली, "तुम्ही एक वर्षाचे वापराचे हक्क दिलेत, आणि हा व्हिडिओ खूप चांगला चाललाय." पैसे परत घ्या म्हटलं, तर पैसे परत घ्यायची त्यांच्याकडे सोयच नव्हती. कंपनीची चूक नव्हती असं मी म्हणत नाही. पण मला सगळ्यात जास्त लागलं ते "ते वाक्य तुमचं आहे" हे. ते खरं होतं.

आता माझं मत सांगते. मला जाहिरातींचा राग नाही. आपल्यापैकी बऱ्याच जणींना दूरदर्शनवरच्या सर्फच्या ललिताजी आठवत असतील. निळ्या काठाची पांढरी साडी, भाजीवाल्याशी घासाघीस आणि सस्ती चीज व अच्छी चीज यांतला फरक समजावणं. ते काम कविता चौधरी यांनी केलं होतं. त्या नटी आहेत, त्यांना पैसे मिळालेत, लिहिलेलं बोलतायत, हे आपल्याला ठाऊक होतं. तरी आपण सर्फ घ्यायचो, पटलं तर. त्यात फसवणूक नव्हती, कारण काही लपवलेलं नव्हतं. जाहिरात जाहिरातीच्या वेळेत आणि जाहिरातीच्या कपड्यांत यायची.

माझा व्हिडिओ शेजारणीच्या कपड्यांत आला. पैसे घेणं हा त्यातला दोष नाही, पैसे घेतले हे झाकणं हा आहे.

माझी भाचेसून हुशार आहे. ती म्हणाली, "मामी, मोबाईलवर खाली 'प्रायोजित' असं लिहून येतंच की. मग झाकलं कुठे?" बरोबर आहे, कंपनीने जाहिरात म्हणून सोडलेल्या व्हिडिओखाली तो शब्द बारीक अक्षरांत येतो. पण तो काय सांगतो ते नीट बघा. हा व्हिडिओ तुमच्यासमोर आणायला कंपनीने पैसे दिलेत, एवढंच तो सांगतो. त्यात बोलणाऱ्या बाईला बोलायचे पैसे दिलेत, हे तो सांगत नाही. बघणारीला वाटतं की एक गृहिणी आपणहून बोलली, कंपनीला आवडलं, म्हणून त्यांनी ते पुढे पाठवलं. मावशींना तसंच वाटलं.

दुसरा मुद्दा नेहमी येतो: "पण मला ती वस्तू खरंच आवडली असेल तर?" मग तर सांगायला काहीच हरकत नाही. यावर एक जुनी गोष्ट वाचली होती, ती सांगते. २००६ साली अमेरिकेत एक जोडपं मोटारघरातून देशभर फिरत होतं. रात्री वॉलमार्टच्या दुकानांच्या पार्किंगमध्ये मुक्काम करायचं, तिथल्या कामगारांना भेटायचं आणि इंटरनेटवर त्यांच्याविषयी चांगलं चांगलं लिहायचं. पुढे उघड झालं की त्या प्रवासाचा खर्च वॉलमार्टची बाजू मांडण्यासाठी उभ्या केलेल्या एका संघटनेकडून येत होता, आणि त्यामागे एडलमन ही वॉलमार्टची जनसंपर्क संस्था होती. संस्थेच्या प्रमुखांना, रिचर्ड एडलमन यांना, जाहीर माफी मागावी लागली. त्या जोडप्याला त्या दुकानांबद्दल मनापासून आपुलकी असेलही. त्यांना भेटलेले कामगार खरे असतील. पण पैसे कुठून येतात हे लपवल्यामुळे त्यांच्या खऱ्या शब्दांवरचाही विश्वास गेला. आपल्या तोंडचं खरंही खोटं ठरवायची ताकद त्या एका लपवण्यात आहे.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते. "मी तर साधी गृहिणी, मला कोण विचारतंय" असं मलाही वाटत होतं.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. त्याखाली जुलै २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला तर १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतोच, पण त्या वस्तूची शिफारस करणाऱ्यालाही होऊ शकतो. पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. शिवाय शिफारस करणाऱ्यावर एक वर्षापर्यंत, आणि पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत, कोणत्याही वस्तूची जाहिरात करायला बंदी घालता येते. मात्र ज्याने बोलण्याआधी दाव्याची खात्री करून घेण्यासाठी योग्य ती काळजी घेतली, त्याला या दंडातून सूट आहे. घरच्या भाषेत सांगायचं तर पाकीट उलटून वाचलं का, आणि शंका असली तर विचारलं का.

जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या स्वनियमन संस्थेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी नियम आणले. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी सोप्या भाषेत मार्गदर्शिका काढली. तिच्यातल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, फक्त रोख पैसेच नव्हे, तर फुकट मिळालेली वस्तू, सवलत, भेट, सहल हे सगळं सांगायला हवं. दोन, ते ठळक सांगायचं, हॅशटॅगांच्या गर्दीत दडपायचं नाही, आणि व्हिडिओत दिसलंही पाहिजे आणि ऐकूही आलं पाहिजे. तीन, ज्या भाषेत शिफारस करता त्याच भाषेत सांगायचं. म्हणजे मराठीत बोलून खाली बारीक इंग्रजी शब्द टाकून भागत नाही. आणि मूळ अट अशी की ती वस्तू आपण खरोखर वापरलेली असली पाहिजे. माझे "सहा महिने" इथेच आपटले.

आणि ज्या जणी म्हणतील, "आम्ही काही व्हिडिओ करत नाही बाई," त्यांनाही एक विचारते. ऑनलाईन मागवलेल्या वस्तूच्या खोक्यात एक रंगीत चिठ्ठी निघते ना? पाच तारे द्या, चार चांगले शब्द लिहा, फोटो पाठवा, पन्नास-शंभर रुपये परत मिळतील. मी दिलेत असे तारे. एका डब्याचं झाकण नीट बसतही नव्हतं, तरी दिलेत. तेही याच जातीचं काम. खोट्या अभिप्रायांचा त्रास इतका वाढला की २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाईन अभिप्रायांसाठी वेगळं मानक काढलं, आणि अमेरिकेत २०२४ मध्ये खोट्या अभिप्रायांच्या खरेदी-विक्रीवर बंदी घालणारा नियम लागू झाला. आपल्या त्या पाच ताऱ्यांकडे बघून कुठेतरी दुसरी एखादी बाई तो डबा घेत असते.

खरं सांगू, हे सगळं कळल्यावर मला कायद्याची भीती वाटली नाही. मला आठवला स्वाध्याय. तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय आपण दशलक्षणात दर वर्षी ऐकतो. सत्य अणुव्रताचे अतिचार सांगतात तेव्हा पहिलाच येतो मिथ्योपदेश, म्हणजे दुसऱ्याला चुकीच्या वाटेला लावणारा सल्ला. पुढे येते कूटलेखक्रिया. जे कुणी बोललं नाही, केलं नाही, ते त्याने बोललं-केलं असं फसवण्यासाठी लिहिणं. मी इतकी वर्षं समजत होते की हे सावकाराच्या खोट्या कागदांबद्दल, वकिलांच्या कामाबद्दल असेल. "मी गेले सहा महिने हेच वापरते" हे लिहून आलेलं वाक्य मी बोलले, आणि ते कुणीही केलेलं नव्हतं. यापेक्षा सरळ उदाहरण मला शोधून सापडणार नाही. अचौर्याच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार आहे, असलीच्या जागी नकली खपवणं. तुपात भेसळ करणाऱ्याला आपण तो शब्द लावतो. शेजारणीच्या मायेत भेसळ केली तर तिला काय म्हणायचं?

आणि कृत, कारित, अनुमोदना हे तर आपण लहान मुलांना पाठशाळेत शिकवतो. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि केलेल्याला संमती देणं, तिन्हींचा वाटा आपल्या पदरात पडतो. शिफारस म्हणजे अनुमोदनाच. मी बटाटा चिरला नाही, शिजवला नाही, खाल्ला नाही. पण एका मुलाने निष्ठेने पाळलेला नियम माझ्या अनुमोदनेने मोडला.

आता ज्या मैत्रिणींना या कामातून खरोखर चार पैसे मिळतात, त्यांच्यासाठी. मी तुम्हाला "करू नका" म्हणणार नाही. आपल्यातल्या कितीतरी बायकांनी आयुष्यभर पापड लाटले, डंकावर उभं राहून चटणी कांडून आणली, शेजारच्या चार घरांची दिवाळी करून दिली आणि हातात स्वतःचा म्हणावा असा पैसा कधी आला नाही. घरात बसून, मुलं-सासूबाई सांभाळून, मोबाईलवर दोन हजार मिळत असतील तर ते मोलाचे आहेत. मला मिळाले तेव्हा मलाही मोलाचे वाटले. चांगल्या वस्तूची ओळख करून देणं हे प्रामाणिक काम आहे, आणि कामाचे पैसे घ्यावेत.

फक्त आपण नेमकं काय विकतो आहोत हे लक्षात ठेवा. कंपनीला तुमचा अभिनय नको असतो, अभिनय करणारे तिला हवे तेवढे मिळतात. आता तर संगणकाने बनवलेला बाईचा चेहराही बोलता करता येतो, तो चहासुद्धा मागत नाही. कंपनीला हवा असतो तुमच्यावरचा विश्वास. तो तुम्ही एकटीने कमावलेला नाही. तुमच्या आईने उसनी वाटी भरून परत केली, सासूबाईंनी मंदिराच्या भांडाराचा हिशेब पै-पैने दिला, तुम्ही चाळीस वर्षं चतुर्दशीचा उपवास केला, म्हणून मावशींसारखी बाई न वाचता पाकीट घेते. दोन हजारांत हे सगळं जातं, आणि एक वर्षाच्या हक्काने जातं.

तेव्हा मी स्वतःपुरते जे ठरवलं आहे ते सांगते. पटलं तर घ्या.

पैसे किंवा वस्तू मिळाली असेल तर व्हिडिओचं पहिलं वाक्य तेच: "याचे मला पैसे मिळालेत." शेवटी नाही, पहिलं. कंपनी नको म्हणाली तर काम नको.

जितके दिवस वापरलं तितकेच दिवस सांगायचे. दोन दिवस म्हणजे दोन दिवस. "दोन दिवसांत मला हे असं वाटलं" असं म्हटलं तर कुणाचं आभाळ कोसळत नाही.

खाण्याची वस्तू असेल तर घटकांची यादी कॅमेऱ्यासमोर मराठीत वाचून दाखवायची, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत. "जैन" या शब्दाचा अर्थ तुमच्याकडे काय आहे, कंदमूळ धरलंय का, हे कंपनीकडून लेखी घ्यायचं. स्टार्च, "मिश्र मसाले" असं काही दिसलं तर ते कशाचं आहे ते विचारायचं.

वापराचे हक्क देताना करारात लिहून घ्यायचं की चूक आढळली तर व्हिडिओ काढून टाकावा लागेल. मी न वाचता सही केली होती. पाकीटही वाचलं नाही आणि करारही वाचला नाही. प्राध्यापकाची बायको म्हणवून घेते!

आणि तारे देताना झाकण लावून बघायचं.

यातली पहिली अट सांगितल्यावर या चार महिन्यांत दोन कामं आली आणि दोन्ही गेली. तिसऱ्या बाईंचा तिखटाचा छोटा घरगुती व्यवसाय आहे. त्या म्हणाल्या, "सांगा की, त्यात काय!" त्यांच्या व्हिडिओत मी पहिल्याच वाक्यात सांगितलं की मला आठशे रुपये आणि अर्धा किलो तिखट मिळालं आहे, आणि हे तिखट आमच्या घरच्यापेक्षा थोडं जास्त झणझणीत आहे. तो व्हिडिओ पहिल्याइतका चालला नाही. पण फोन आले ते ओळखीच्या बायकांचे आले, आणि त्यांनी किती घालायचं ते विचारून घेतलं.

क्षमावाणीच्या दिवशी मी मावशींकडे गेले. क्षमा मागितली, त्यांनी ती दिली, दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. नातवाशी फोनवर बोलले. तो म्हणाला, "काकू, मीही पहिल्याच दिवशी वाचायला हवं होतं." त्याने मला मोकळं केलं, पण मी अजून मोकळी झालेले नाही. कारण तो व्हिडिओ अजून फिरतो आहे. करार जानेवारीत संपेल. तोवर कुणाच्या तरी मोबाईलवर माझंच तोंड, माझ्याच स्वयंपाकघरातून, सहा महिन्यांचं ते वाक्य सांगत राहणार आहे.

तुमच्या मोबाईलवर तो आला तर मैत्रिणींनो, माझं ऐकू नका. पाकीट उलटा आणि वाचा.

जय जिनेंद्र.